आहुप्याचें धुकें आणि बिघडलेला स्वर

श्रावणांत आम्ही कांहीं दिवस आहुप्यास होतों. आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम टोकास, सह्याद्रीच्या अगदीं धारेवर हें महादेव कोळ्यांचें गांव आहे. घाटाखालून कोंकणचें धुकें चढतें तें देवराई ओलांडून थेट ओसरींत येऊन बसतें. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवाचें जत्रेंत घेतलेलें, बॅटरीवर वाजणारें पियानोचें खेळणें रात्रभर त्याच ओसरींत राहिलें. सकाळीं पट्टी दाबतांच स्वर चांगला दीड-दोन पट्ट्या चढलेला, आणि वाऱ्यांतल्या दिव्यासारखा थरथरणारा!

"बिघडलें," असा वडील बंधूंनीं निकाल दिला. वहिनींनीं तें चुलीजवळ वाळविलें, आणि दुपारीं तें पूर्ववत् शहाण्यासारखें वाजूं लागलें. तेव्हां मात्र पोराचे डोळे भरून आले. त्यास सकाळचाच स्वर हवा होता.

अशा पुष्कळ खेळण्यांत स्वराची उंची ठरविणारें एक विद्युत्-स्पंदक असतें व त्याची गति एका इवल्याशा रोधकावर अवलंबून असते. रोधकाच्या दोन टोकांमध्यें ओलावा साचला कीं विजेस दुसरी वाट मिळते, एकूण रोध घटतो, स्पंदनें वाढतात व स्वर चढतो. सायंकाळीं आम्हीं पाठीचे स्क्रू काढून ओलें बोट तेथें ठेवून पाहिलें. बोट दाबावें तसा स्वर सरकत वर जातो! (हा उद्योग केवळ बॅटरीच्या खेळण्यावर; भिंतींतील विजेशीं संबंध असलेली कोणतीहि वस्तु उघडूं नये.) अमेरिकेंत सिनसिनाटीच्या रीड गझाला यांस १९६६-६७ च्या सुमारास हेंच असेंच अपघातानें सांपडलें. खणांत पडलेला उघडा खेळण्यांतला ध्वनिवर्धक धातूस चिकटून चमत्कारिक ओरडूं लागला, आणि त्यांनीं जन्मभर तोच नाद धरला.

वडील बंधूंस हें रुचलें नाहीं. धड वस्तु मोडावयास मुलांना शिकवूं नये, हें त्यांचें म्हणणें अगदींच टाकाऊ नव्हे. आमच्या घरीं दोन घड्याळें अशींच गेलीं आहेत. परंतु ते स्वतः पेटी वाजवितात. पट्टीच्या वाद्यांत मींड नाहीं, श्रुति नाहींत, ह्या आक्षेपानें १९४० सालीं नभोवाणीनें पेटीस दार लावलें तें १९७१ पर्यंत उघडलें नाहीं, हें त्यांना आमच्याहून अधिक ठाऊक. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनीं क्लेमंट्स साहेबांबरोबर बावीस श्रुतींची पेटी करविण्याची खटपट केली, ती तरी धड पेटी मोडूनच कीं नाहीं? आम्हीं एवढेंच विचारलें. उत्तर आलें नाहीं.

रात्रीं निजानीज झाल्यावर ओसरींतून बारीक आवाज येऊं लागला. दरबारीचा गंधार कोणी शोधीत होतें. चढे, चुके, पुन्हां खालीं येई. मग हलक्या आवाजांत हांक ऐकूं आली :

"बाळ, जागा आहेस का रे? बोट नेमकें कोठें ठेवायचें?"

"थांबा थोरले काका, आधीं ओलें करा."