स्टीफन: नावाचा उगम आणि आपला गैरसमज

आपल्या नावांना अर्थ असतो, इंग्रजी नावे मात्र नुसती हाक मारण्यापुरती असतात, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. हा समज खोडायला नागपूरबाहेर जावे लागत नाही. इथले हिस्लॉप कॉलेज 1883 साली सुरू झाले. ते ज्या मिशनऱ्याच्या नावाने ओळखले जाते, त्याचे नाव स्टीफन. हे नाव मुळात ग्रीक आहे. ‘स्टेफानोस’ म्हणजे डोक्याभोवती गुंफलेले पानाफुलांचे कडे. क्रीडास्पर्धांत जिंकणाऱ्याला ते घालत. नावांच्या पुस्तकांतला ‘मुकुट’ हा अर्थ म्हणून अपुरा ठरतो. राजचिन्ह असलेल्या शिरपट्टीसाठी ग्रीकांकडे ‘डायाडेमा’ हा वेगळा शब्द होता. स्टीफनमधला मान वारशाने मिळणारा नव्हे, कमावलेला आहे.

अर्थ असला तरी नाव इंग्रजांचे आणि ख्रिस्ती धर्माचेच, असा आक्षेप यावर येईल. तोही टिकत नाही. ख्रिस्तापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सच्या न्यायालयात स्टेफानोस नावाच्या माणसाविरुद्ध झालेली भाषणे प्रसिद्ध वक्ता डेमॉस्थेनिसच्या नावावर आजही उपलब्ध आहेत. पुढे जेरुसलेममध्ये दगडांनी ठेचून मारलेल्या पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्याचे हेच नाव होते, म्हणून चर्चने ते सर्वदूर नेले. इंग्लंडात ते रुळले 1066 च्या नॉर्मन विजयानंतर. खुद्द हिस्लॉपही इंग्रज नव्हे, स्कॉटिश होते. आणि मराठीला तर या नावाची ओळख ब्रिटिश राज्याच्या कितीतरी आधीची: 1616 साली छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांच्या आडनावात ते आहेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्टीफन नाव ठेवणाऱ्या आईबापांना ग्रीक कुठे येते? मग अर्थ असून नसल्यासारखाच नाही का? पण हीच कसोटी आपल्याला लावून पाहावी. मुले जगत नसत त्या घरांत धोंडू, दगडू अशी नावे ठेवत, ती मूल वाचावे म्हणून. पोर दगड व्हावे असे कुणाच्या मनात नसे. नागपूरचे राजे रघुजी भोसले यांच्या नावातला रघू चटकन ओळखू येतो. त्याच घराण्यातल्या मुधोजी या नावाचा उगम किती नागपूरकर सांगू शकतील? म्हणून मुधोजी निरर्थक ठरत नाही. तसाच स्टीफनही ठरत नाही.

नावाला दोन अर्थ असतात: एक भाषेने दिलेला, दुसरा ते धारण करणाऱ्यांनी मिळवलेला. हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले ते धर्मप्रचारासाठी. त्या हेतूवर टीका जरूर व्हावी. पण त्यांनी इथे शाळा काढली, या भागातल्या खडकांतले जीवाश्म अभ्यासले, गोंडांची भाषा आणि गाणी नोंदवली. 1863 मध्ये टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतताना ते बुडून वारले. 1866 मध्ये मध्य प्रांताचे तेव्हाचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे आदिवासींविषयीचे लेखन प्रसिद्ध केले. नावाचा पहिला अर्थ कोशात सापडतो, दुसरा इतिहासात शोधावा लागतो. दोन्ही तपासल्याशिवाय कोणतेही नाव, आपले वा परक्याचे, निरर्थक म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही.