तळ्यातली जळू नको
कोकणातल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. पायाच्या शिरा फुगल्यात, सासूबाई म्हणतात, "तळ्यातली जळू लाव, वाईट रक्त निघून जाईल." लावू का?

सासूबाईंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही हं! सुश्रुतसंहितेत जळवांवर अख्खा अध्याय आहे. बारा जाती, सहा विषारी, सहा निर्विष. मुलं, म्हातारी माणसं, भित्रे आणि स्त्रिया यांचं रक्त काढायचं तर शस्त्राऐवजी जळू. लावण्याआधी तिला मोहरी-हळदीचं पाणी चोळायचं, सोडवताना सैंधव भुरभुरायचं. म्हणजे सगळं स्वयंपाकघरातलंच!

पुढे १८८४ साली हेक्राफ्ट यांनी दाखवलं, की जळवेच्या तोंडात रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. म्हणूनच तुटलेलं बोट जोडल्यावर साचलेलं रक्त काढायला सर्जन आजही जळू लावतात. पण ती खास पाळलेली, आणि जोडीला जंतुनाशक औषध.

तळ्यातल्या जळवेची कसली खात्री? ती सुटल्यावरही रक्त तासन् तास झिरपतं. तुमचं हिमोग्लोबिन आठ. बाईला बारा तरी हवं. मग आहे तेच रक्त का घालवायचं? शिरा डॉक्टरांना दाखवा, सासूबाईंनाही बरोबर न्या.

आणि शेतात जळू चिकटलीच, तर ओढू नका, मीठही टाकू नका. ती पोटातलं जखमेत ओकते. नखाने तोंडाच्या कडेने हळूच सरकवा, मग जखम साबणाने धुवा.