जिद्द खचते की शरीर थकते?

बारावीचे वर्ष आणि प्रवेश परीक्षेची तयारी म्हटली की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. 'दिवाळीपर्यंत अभ्यास जोरात चालला होता. आता पुस्तक समोर असते, पण मन लागत नाही.' मग पालक उपदेश करतात, क्लासच्या फीची आठवण देतात, शेजारच्या मुलाचे गुण सांगतात. मूल आणखी मिटून जाते. आमचे स्पष्ट मत असे की, ज्याला आपण आळस किंवा जिद्दीचा अभाव म्हणतो, तो पुष्कळदा निव्वळ थकवा असतो. थकव्यावर उपदेशाची मात्रा चालत नाही.

पहिला प्रश्न झोपेचा. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. दिवसभर वाचलेले स्मरणात पक्के बसण्याचे काम झोपेतच होते. म्हणजे रात्री दोनपर्यंत जागणारा विद्यार्थी एका हाताने भरतो आणि दुसऱ्या हाताने सांडतो. शिवाय २०२५ साली 'नीट' परीक्षा दुपारी २ ते ५ या वेळेत झाली. १८० मिनिटांत १८० प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. दुपारी पेंगण्याची सवय लागलेल्या मेंदूला हे कसे झेपावे? सराव परीक्षाही परीक्षेच्याच वेळेला द्यावी.

दुसरा प्रश्न रक्ताचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. धाप लागणे, डोके दुखणे, लक्ष न लागणे ही त्याचीच लक्षणे. एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. उपाशीपोटी क्लासला जाऊ नये. पालेभाजी, उसळ, वर लिंबू असा साधा आहार ठेवावा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये; त्याने अन्नातील लोह अंगी लागत नाही.

तिसरी गोष्ट अभ्यासाच्या पद्धतीची. २००६ साली रोडिगर व कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून स्वतःला आठवायला लावणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहते. तेव्हा तासभर वाचावे, पुस्तक मिटावे, आठवेल ते कागदावर उतरवावे आणि दहा मिनिटे अंगणात फिरून यावे. 'मला हे येते' असा रोजचा छोटा पुरावा हाती आला की उमेद आपोआप टिकते. उमेद आली की अभ्यास करू, असे म्हणून वाट पाहणाऱ्याची ती बहुधा येतच नाही.

पालकांनी एक पथ्य पाळावे. जेवताना गुणांचा विषय काढू नये. मात्र मूल आठवड्यांमागून आठवडे गप्प राहत असेल, जेवण-झोप बिघडली असेल किंवा 'माझा काही उपयोग नाही' असे बोलत असेल, तर ते नाटक समजू नये. त्याच्याजवळ बसावे, ऐकून घ्यावे, डॉक्टरांना दाखवावे. शासनाच्या 'टेली मानस' या सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तेथे मराठीतूनही बोलता येते.

प्रवेश परीक्षा पुन्हा देता येते; वैद्यकीय नाही तर दुसरा अभ्यासक्रम निवडता येतो. खचलेले मूल सावरणे त्याहून कितीतरी अवघड आहे. म्हणून आज रात्री 'किती धडे झाले?' असे विचारण्याआधी 'झोप पुरते का रे?' एवढे विचारून पाहा.