चलन कोर्टात गेलंय म्हणे! घाबरण्याआधी रेकॉर्ड बघा

राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जवळ आली की आमच्या मोहल्ल्यात दर वेळी तेच घडतं. लोकांच्या मोबाईलवर एसएमएस येऊन पडतात. मजकूर इंग्रजीत, नाहीतर सरकारी मराठीत. त्यात 'न्यायालय', 'दाखलपूर्व प्रकरण', 'हजर राहावे' असे शब्द असतात. मग जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चार माणसं आम्हाला गाठतात, "सर, जरा हे वाचून सांगा, पोलिस घरी येणार का?"

या वेळी एक रिक्षावाले चाचा आले. वय साठीच्या पुढे, तीस वर्षं रिक्षा चालवतात. त्यांच्या नावावर हेल्मेट न घातल्याचं चलन होतं. रिक्षावर हेल्मेटचं चलन! चाचा कधी गेलेच नाहीत अशा, दोनशे किलोमीटरवरच्या एका मोठ्या शहरातलं. त्यांच्या मुलाचं म्हणणं, "अब्बा, पाचशे रुपयांचा मामला आहे, भरून टाका, कोर्टाचं लफडं नको." चाचांचं म्हणणं, "गुन्हा केलाच नाही तर भरू कशाला?"

आमच्या मते दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, आणि गुंता तिथेच आहे. महाराष्ट्रात मोटार वाहन कायद्याचे वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू आहेत. लायसन्स नसेल तर ५ हजार, विमा नसेल तर पहिल्यांदा २ हजार आणि पुन्हा सापडलात तर ४ हजार. रिक्षा, टेम्पो, फेरीचा गाडा किंवा डिलिव्हरीची बाईक यांच्यावर ज्यांचं घर चालतं, त्यांच्यासाठी ही रक्कम एका आठवड्याचं रेशन आहे. जुलै २०२५ मध्ये मालवाहतूकदारांनी याच ई-चलनांविरुद्ध गाड्या उभ्या केल्या होत्या. त्यांच्या संघटना आहेत, त्यांचं ऐकायला मंत्री बसतात. आमच्या चाचांच्या मागे कोण आहे? म्हणून चाचांनी आपला हक्क स्वतःच समजून घ्यायला हवा.

सगळ्यात आधी पाहायचं ते हे की चलन आहे कुठे. पोलिसांच्या यादीत आहे की कोर्टात पोचलंय? लोक या दोन गोष्टींची गल्लत करतात. वाहतूक पोलिसांनी केलेलं चलन 'महाट्रॅफिक ई-चलन'च्या सरकारी वेबसाईटवर किंवा महाट्रॅफिक ॲपवर दिसतं. गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकायचे, ते आरसी बुकवर असतात. आरटीओचं चलन असेल तर ते केंद्राच्या 'परिवहन' ई-चलन साईटवर शोधायचं. ही झाली पहिली पायरी. इथे चलनासोबत बहुतेक वेळा फोटोही असतो, आणि तो फोटो मोठा करून नीट बघा, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

चाचांच्या चलनाचा फोटो उघडला तर त्यात एक मोटरसायकल होती, काळी. नंबर प्लेटवरचा एक अंक चिखलाने अर्धा झाकलेला. कॅमेऱ्याने म्हणा किंवा टाईप करणाऱ्याने म्हणा, ३ चा ८ वाचला होता. सगळा मामला एवढाच. दोन वर्षं चाचांनी फोटो पाहिलाच नव्हता, कारण एसएमएस मुलाच्या जुन्या नंबरवर जात होता.

दुसरी पायरी कोर्टाची. चलन भरलं नाही, तर पोलिस ते कोर्टाकडे पाठवू शकतात. चलनांसाठी 'व्हर्च्युअल कोर्ट' आहे. आपल्या राज्यातलं असं पहिलं कोर्ट ३१ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं, नागपूर जिल्ह्यातल्या काटोलहून. इथे तुम्हाला जावं लागत नाही. न्यायाधीश स्क्रीनवर चलन पाहतात, दंड ठरवतात आणि समन्स मोबाईलवर येतं. 'व्हीकोर्ट्स डॉट जीओव्ही डॉट इन'वर जाऊन महाराष्ट्राचा विभाग निवडायचा. वाहतूक पोलिस आणि परिवहन खातं वेगळे आहेत, एकात सापडलं नाही तर दुसऱ्यात पाहा. गाडीचा नंबर, चलन नंबर, सीएनआर नंबर किंवा नाव टाकून शोधता येतं. सीएनआर म्हणजे प्रत्येक केसचा सोळा अक्षर-आकड्यांचा नंबर, केसचं आधार कार्डच समजा. तो एकदा हाती आला की ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख, निकाल, सगळं घरबसल्या कळतं.

आता एक गोष्ट जी दुसरीकडे कुठे लिहिलेली आम्हाला दिसली नाही, पण आपल्या घरांमध्ये रोज घडते. नावाने शोधू नका. आपली नावं सरकारी कागदावर हजार तऱ्हेने लिहिली जातात. शेख, शैख, रहीम, रहिम, मोहम्मद, मुहम्मद, कुठे नुसतं 'मो.'. इंग्रजी स्पेलिंगची तर बातच नको. आमच्या वर्गात एकाच मुलाचं नाव दाखल्यावर, आधारवर आणि रेशन कार्डवर तीन तऱ्हेचं असतं. त्यामुळे नावाने शोधलं की एकतर आपली केस सापडतच नाही आणि माणूस बेफिकीर होतो, नाहीतर त्याच नावाच्या पंधरा जणांच्या केसेस समोर येतात. आमच्या ओळखीतल्या एका आपाने शौहरचं नाव ई-कोर्ट्सवर टाकलं, तर मारामारीची केस निघाली! रात्रभर घरात रडारड. सकाळी पाहिलं तर वडिलांचं नावही वेगळं, तालुकाही वेगळा. गाडीचा नंबर एकच असतो, त्यानेच शोधा.

केस सापडली की समोर दोन रस्ते असतात. दंड मान्य आहे, भरतो. किंवा मान्य नाही, लढतो. मोबाईलवर ओटीपी येतो, मग यातलं एक निवडायचं. भरला की केस निकाली आणि पावती मिळते. ती जपून ठेवा, प्रिंट काढून आरसी बुकसोबतच ठेवा. लढतो म्हटलं की केस व्हर्च्युअल कोर्टातून उठून जिथे गुन्हा घडला म्हणतात तिथल्या नेहमीच्या कोर्टात जाते. खरी अडचण इथे आहे. चाचांना पाचशे रुपयांसाठी दोनशे किलोमीटर जायचं, दिवसाचा धंदा बुडवायचा, एसटीचं भाडं, आणि तारीख पुढे गेली तर पुन्हा तेच. डिजिटल म्हणवणाऱ्या व्यवस्थेने बेगुनाह माणसासाठीचा रस्ता गुन्हेगारापेक्षा महाग करून ठेवलाय, असं आम्हाला स्पष्ट वाटतं.

म्हणून चलन पोलिसांच्या यादीत आहे तोवरच तक्रार करायची. महाट्रॅफिकवर तक्रारीची सोय आहे. चलन नंबर, आपल्या गाडीचा समोरून-मागून फोटो, आरसीची प्रत आणि चार ओळी मजकूर. चाचांसाठी आम्ही एवढंच लिहिलं, "माझे वाहन तीनचाकी प्रवासी रिक्षा असून फोटोतील वाहन दुचाकी आहे. सबब चलन रद्द करावे." रडगाणं नाही, रागही नाही. सोबत तेच पत्र आमच्या इथल्या वाहतूक शाखेत दिलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. पहिल्या खिडकीवर 'साहेब नाहीत', दुसऱ्यांदा 'हे आमच्याकडे येत नाही', तिसऱ्यांदा शिक्का मिळाला. पोच नसलेला अर्ज म्हणजे न केलेला अर्ज, हे शाळेतल्या नोकरीने आम्हाला चांगलं शिकवलंय.

कॅमेऱ्याने केलेल्या चलनांसाठी २०२१ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये १६७-अ हा नियम आहे. अशा चलनाचं रेकॉर्ड, म्हणजे फोटो वगैरे, चलन निकाली निघेपर्यंत जपून ठेवायचं असतं. फोटो दिसत नसेल तर तो मागा, तुमचा हक्क आहे. आपल्या नोटिशीवर जी मुदत लिहिली आहे ती मात्र पाळा. हे नियम अधूनमधून बदलतात, व्हॉट्सॲपवरच्या मुदतीवर जाऊ नका.

जुन्या चलनांबद्दलही व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो, 'सहा महिन्यांनंतर चलन आपोआप रद्द'. आधार खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाची शिक्षा आहे, त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांत घ्यायला हवी, असं कायदा म्हणतो. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आहे. पण हा मुद्दा कोर्टापुढे मांडायचा असतो, आणि उशीर माफ करण्याचा अधिकारही कोर्टाला आहे. ॲपवरून चलन आपणहून पुसलं जात नाही. चार वर्षांपूर्वीचं चलन घेऊन कोर्टात उभे राहिलात तर हे कलम वकिलाला जरूर दाखवा. घरी बसून त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

तसाच दुसरा मेसेज, 'लोकअदालतीत ५० टक्के माफी'. ही सूट कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिली होती, तेलंगणाने २०२२ मध्ये त्याहून मोठी. ते मेसेज अजून आपल्याकडे फिरतात. दुसऱ्या राज्याची सूट महाराष्ट्रात मागता येत नाही. लोकअदालतीत दोन्ही बाजूंच्या रजामंदीने मामला मिटतो, रक्कमही तिथे बोलून ठरते. गुन्हा झालाय, पैसे थोडे कमी होतील का ते पाहायचंय, तर लोकअदालत चांगली जागा आहे. पण तिथल्या निकालावर अपील नसतं. चाचांसारख्याने तिथे जाऊन सही केली तर केलेली नसलेली चूक कबूल केल्यासारखं होईल. लोकअदालतीला गेला नाहीत म्हणून अटक होत नाही, हेही सांगून ठेवतो. कोर्टाचं समन्स मात्र टाळू नका. समन्सकडे दुर्लक्ष केलं तर पुढे वॉरंट निघू शकतं, मग पाचशेचा मामला पाचशेचा राहत नाही.

चाचांपेक्षा कठीण मामला आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा आहे. वडिलांची स्कूटर २०१९ मध्ये विकली, शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहून. फॉर्म २९ आणि ३० भरलेच नाहीत, 'समोरचा करून घेईल' म्हणून. समोरच्याने ती तिसऱ्याला विकली. वडील वारले, आणि आज त्या स्कूटरवर अकरा चलनं आहेत, त्यात एक विना-विम्याचं. कायद्याच्या नजरेत मालक तोच, ज्याचं नाव आरटीओत आहे. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये अपघाताच्या भरपाईबाबतही हेच म्हटलं. म्हणजे उद्या त्या स्कूटरखाली कुणी आलं, तर दावा मरहूम वडिलांच्या वारसांकडे येऊ शकतो. ही गोष्ट त्या अकरा चलनांपेक्षा कितीतरी भयंकर आहे. तो मुलगा आता स्टॅम्प पेपर आणि मृत्यू दाखला घेऊन आरटीओच्या चकरा मारतोय आणि पहिल्या खरेदीदाराला शोधतोय. तुमच्या घरातली एखादी विकलेली गाडी अजून तुमच्याच नावावर असेल तर आजच तिचा नंबर टाकून बघा.

आणि मुलांच्या हाती गाडी देणाऱ्यांसाठी दोन ओळी, कारण शाळेच्या गेटवर आम्ही रोज पाहतो. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवली तर कलम १९९-अ प्रमाणे पालक किंवा गाडीमालक दोषी. २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. 'ट्यूशनलाच तर जातो' हे कोर्टात चालत नाही.

चलनाच्या नावाने लूटही चालते. व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलन' नावाची एपीके फाईल येते, उघडली की फोनमधले एसएमएस आणि ओटीपी चोराच्या हाती. आमच्या गल्लीतल्या एका खालाचे हजसाठी जमवलेले पैसे असे गेले. सरकार चलनासाठी एपीके पाठवत नाही. पैसे फक्त 'जीओव्ही डॉट इन'ने संपणाऱ्या साईटवर, लिंकवर टिचकी न मारता स्वतः पत्ता टाईप करून भरा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन लावा, इथे तास-तास महत्त्वाचा असतो.

वकिलाची फी परवडत नसेल तर प्रत्येक जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. महिलांना तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. गाडी बायकोच्या नावावर असेल तर हे लक्षात ठेवा. मर्दांसाठी उत्पन्नाची अट आहे, तरी जाऊन विचारायला काही लागत नाही. फोन नंबर १५१००.

चाचांच्या अर्जाला पाच आठवडे झाले. ॲपवर अजून 'प्रलंबित' दिसतंय, कोर्टात केस गेलेली नाही. दर जुम्याला ते मोबाईल आमच्या हातात देतात, आम्ही नंबर टाकतो, आणि त्याच टपरीवर चहा होतो.