जुनी बोट : रंगवण्यापूर्वी ठोकून पाहा!

फायबरग्लास कुजत नाही. म्हणून पडीक मोटारबोटीला रंग चढवला की ती नवी होते, असा समज हौशी मंडळींत रूढ आहे. तो भाबडा नव्हे, घातक आहे.

अमेरिकेतील 'बोस्टन व्हेलर' या बोटीचेच पाहा. १९५८ साली ही १३ फुटी बोट बाजारात आली. तिच्या दोन कवचांमध्ये फोम भरलेला होता. १९६१ साली 'लाइफ' साप्ताहिकाने ती करवतीने मधोमध कापली जात असतानाही तरंगताना दाखवली. बुडत नाही, हे खरेच. पण म्हणून बिघडत नाही काय? स्क्रूच्या छिद्रांतून वर्षानुवर्षे पाणी झिरपते, फोम भिजतो, बोट जड होते. जिच्यावर इंजिन टांगतात ती मागची प्लायवूडची फळी आतल्या आत कुजते. बाहेर मात्र चकाकी!

म्हणून आधी बोटीचे वजन करावे, फळी ठोकून पाहावी. आवाज बद्द आला, तर फळी बदलावी अथवा बोट मोडावी. तिसरा मार्ग नाही. 'पुढे पाहू' म्हणत ताडपत्रीखाली झाकून ठेवणे हे जतन नव्हे, टाळाटाळ आहे. घट्ट झालेले रेझिन लोखंडासारखे पुन्हा वितळत नाही. किनाऱ्यावर टाकलेला सांगाडा पुढच्या पिढीच्या माथी बसतो. तेव्हा मोडण्याचा खर्चही मालकानेच सोसावा.

बोटीत उद्या मुलेबाळे बसणार आहेत. फळी बदलण्याची ज्याची तयारी नाही, त्याने रंगाचा डबाही उघडू नये.