फुकटच्या खताचा हिशेब

सांडपाण्यावरच्या शेतीबद्दल शंका काढली की पहिलं उत्तर येतं, ‘अहो, त्यात फुकटचं खत आहे.’ ते खरंच आहे. मैलापाण्यात नत्र असतं, स्फुरद असतं, आणि वैशाखातही ते पाणी आटत नाही. पुण्याचं शुद्ध केलेलं सांडपाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात सोडायचं, वर्षाला 6.5 टीएमसी शेतीला द्यायचं, ही योजना पाण्याच्या गरजेतून आली. घरातल्या मैलापाण्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते कुठल्याही शहराच्या गटारात प्लेटिंगचं, बॅटरीच्या कारखान्याचं पाणी मिसळू देण्याशी.

‘धातूंचं प्रमाण नगण्य असतं’ असं सांगतात. मग हिशेबच करू. अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेप्रमाणे सिंचनाच्या पाण्यात लिटरला 0.01 मिलिग्रॅम कॅडमियम चालतं. वर्षाला हेक्टरी 10,000 घनमीटर पाणी दिलं, तर 100 ग्रॅम कॅडमियम शेतात उतरतं. वरच्या 15 सेंटिमीटर थरात माती साधारण 20 लाख किलो. म्हणजे किलोमागे दरसाल 0.05 मिलिग्रॅम, आणि ते तिथेच साठलं तर वीस वर्षांत 1 मिलिग्रॅम. हे मर्यादेत बसणाऱ्या पाण्याचं गणित झालं. नत्र पीक खाऊन टाकतं, मैला कुजून जातो. धातू कुजत नाही.

‘आपली काळी माती सगळं धरून ठेवते.’ धरते, हे मान्य. चिकणमाती आणि चुनखडी धातूंना बांधून ठेवतात. पण बांधून ठेवणं म्हणजे नाहीसं करणं नव्हे. शिवाय कॅडमियम जस्ताच्या वाटेने मुळांत शिरतं, आणि पालकासारखी पालेभाजी ते पानापर्यंत नेते. ‘भाजी धुऊन घ्या’ हा सल्ला पानावरच्या धुळीतल्या शिशापुरता ठीक. पानाच्या आत गेलेलं कॅडमियम धुऊन निघत नाही. माणसाच्या मूत्रपिंडात ते दहा-दहा, वीस-वीस वर्षं मुक्काम करतं.

जपानमध्ये जिन्झू नदीकाठच्या भातखाचरांत कामिओका खाणीचं कॅडमियम पाटाच्या पाण्यातून उतरलं. तो भात खाऊन बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली, की ‘इताई, इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’, हेच त्या रोगाचं नाव पडलं. 1968 साली सरकारने तो प्रदूषणाचा रोग म्हणून मान्य केला. सुमारे 860 हेक्टर जमीन दुरुस्त करायला 1979 ते 2012 एवढा काळ गेला. श्रीमंत देशाला तेहतीस वर्षं लागली. तीन एकरवाल्याने काय करायचं?

त्याच्याकडेच बोट दाखवणारेही आहेत: त्याची भाजी उपटून टाका म्हणतात. मला याचा संताप येतो. वरच्या धरणाचं स्वच्छ पाणी शहराने घेतलं, खालच्याला उरलं ते त्याने वापरलं.

‘शुद्धीकरण केंद्रं आहेत ना?’ ती मुख्यतः सेंद्रिय घाणीसाठी बांधलेली असतात. बीओडी, म्हणजे त्या घाणीचं माप, उतरला म्हणून धातू गेले असं होत नाही. त्यांतले बरेचसे गाळात बसतात, आणि तोच गाळ पुढे खत म्हणून शेतात जाऊ शकतो. म्हणून धातू अडवायचे ते कारखान्याच्या दारातच, गटाराला मिळण्याआधी. मैलापाणी मग खुशाल शेतात जाऊ दे. जिथे माती आधीच बिघडली असेल, तिथे पालेभाजीऐवजी फुलं किंवा रोपवाटिका धरायला मदत द्यावी लागेल, आणि बदलाच्या वर्षांतला तोटा पाणी बिघडवणाऱ्यांकडून वसूल करावा लागेल.

2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा तपासण्या आहेत. जस्त आणि तांबं त्यात आहे, तेही पिकाला कमी पडतंय का हे बघायला. कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल यांचा रकानाच नाही. सांडपाण्यावर भिजणाऱ्या प्रत्येक गावाच्या पत्रिकेत तो यंदाच्या रब्बीआधी हवा, आणि तपासणीचं बिल शेतकऱ्याच्या नावावर नको.