दान करावे ते चालू मालातून

रमजान जवळ आला की कापड बाजारात एक वेगळी मागणी सुरू होते. मालेगाव असो, सटाणा असो की आमचे नामपूर, गिऱ्हाईक येऊन म्हणते, "जकातीच्या साड्या दाखवा." याचा अर्थ दोघांनाही ठाऊक असतो. विरळ पोताची, पहिल्या धुण्यात रंग सोडणारी, सर्वांत हलक्या भावाची साडी. काही दुकानांत दोन-तीन हंगाम पडून राहिलेला मालही याच महिन्यात निघतो. जी साडी आपण आपल्या लेकीला नेसवणार नाही, ती अल्लाहच्या नावाने का द्यावी, हा आमचा व्यापारी बांधवांना सवाल आहे.

कुरआनात याचा साफ खुलासा आहे. सूरह बकराच्या २६७ व्या आयतीत निकृष्ट वस्तू निवडून दान करण्यास मनाई आहे. आवडती वस्तू खर्च केल्याविना नेकी पदरी पडत नाही, असा सूरह आले-इमरानच्या ९२ व्या आयतीचा आशय आहे. ती उतरली तेव्हा हजरत अबू तलहा (र.) यांनी मदीनेतील बैरुहा ही आपली सर्वांत प्रिय बाग देऊन टाकली. पडीक जमीन शोधत ते बसले नाहीत.

दुसरी गोष्ट हिशेबाची. शेकडा अडीच टक्के जकात म्हणजे उपकार नव्हे, तो गरिबांचा हक्क आहे. दुकानातील विक्रीचा माल बाजारभावाने धरावा, वसूल होणारी उधारी मिळवावी, आपले देणे वजा करावे. बुडीत उधारी माफ करून ती इतर मालाच्या जकातीत वळती करणाऱ्यांनी उलेमांना जरूर विचारावे. हनफी मसलकात तशी जकात अदा होत नाही.

जकात दिली म्हणजे फर्ज पार पडले. कुर्बानी त्याच्या पुढे सुरू होते. आपल्याच महाराष्ट्रातील दाखला घ्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. मुलांच्या जेवणाची अडचण आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. मुंबईत मालाडच्या शाहनवाज शेख यांनी २०२० च्या कोरोनाकाळात आपली महागडी गाडी विकून त्या पैशांतून ऑक्सिजनचे सिलिंडर घेतले आणि रुग्णांच्या घरी मोफत पोचवले. दोघांनीही वापरातली, जिव्हाळ्याची वस्तू दिली.

काही बांधव म्हणतील, सुताचे भाव वर, कापडाला उठाव नाही, अशात कुठून द्यायचे? अडचण खरी आहे, आणि इस्लामने घर उघडे टाकायलाही सांगितलेले नाही. हजरत सअद बिन अबी वक्कास (र.) आजारपणात मालाचा मोठा हिस्सा दान करू पाहत होते. प्रेषितांनी (स.) एक तृतीयांशाची मुभा दिली आणि तेही पुष्कळ झाले असे सांगितले. वारसांचा हक्क राखा. तसेच सूतवाल्याचे बिल किंवा कारागिराची मजुरी थकवून केलेले दान हे दुसऱ्याच्या खिशातले दान होय. पण दुकानाचे नवे फर्निचर, दुसरी गाडी, लग्नातले वाढीव ताट, यांतून काटछाट करायला मंदी आडवी येत नाही.

यासाठी आमची सूचना साधी आहे. जकातीच्या साड्यांची वेगळी थप्पी लावणे बंद करावे. कपडाच द्यायचा असेल तर जो माल रोज रोखीने विकला जातो, त्यातूनच द्यावा. नाहीतर रोख रक्कम द्यावी, म्हणजे घेणाऱ्या बाईला तिच्या गरजेप्रमाणे औषध, फी किंवा धान्य घेता येईल. आणि जकातीखेरीज वर्षातून एकदा तरी असे काही द्यावे, ज्याची उणीव आपल्या घरात महिनाभर जाणवेल. द्यायचा माल बांधण्याआधी प्रत्येकाने तो हातात घेऊन पाहावा. तो आपण ईदला घालू शकत असू, तरच गाठ मारावी.